व्हॉल्व्हच्या आवाजाची गोलाई

इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झालं, तेव्हा घराघरांत रेडिओ होते ते व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचे. बटण फिरवायचं, काचेतली तार लालसर होईपर्यंत थांबायचं, मग आवाज यायचा. अमीर खाँसाहेबांचा मंद्र षड्ज आमच्या आजोबांनी तसाच ऐकला होता. 'ट्रान्झिस्टरला ती गोलाई नाही,' असं ते शेवटपर्यंत म्हणत.

१९०४ साली फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह बनवला. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी बसवली. जाळीवरच्या इवल्याशा व्होल्टेजने मोठा प्रवाह हलवता येऊ लागला आणि आवाज वाढवण्याची सोय झाली. आपल्याकडे १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत.

प्रत्येक अँप्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट, मूळ आवाजात स्वतःची थोडी भर घालतं. तंबोऱ्याशी बसणाऱ्याला हे चटकन उमगेल. षड्जाच्या तारेत दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज असतो, तिप्पट कंपनांचा पंचम, पाचपटीचा तो स्वयंभू गंधार. सातपटीचा मात्र कोमल निषादाच्याही खाली उतरतो, आपल्या कुठल्याच स्वरात नीट बसत नाही. एकाच व्हॉल्व्हच्या साध्या सर्किटमधली भर मुख्यतः दुपटीची असते, म्हणजे षड्जावर षड्ज! कानाला ती खटकत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. (दोन व्हॉल्व्ह आमनेसामने जोडले की दुपटीची भर बरीचशी आपसांत कटते. म्हणून सगळं श्रेय तिला देणं मला पटत नाही.)

आवाज वाढवत नेताना ताकद अपुरी पडू लागली की व्हॉल्व्ह आवाजाच्या लहरीचा माथा हळूहळू दाबतो. व्हॉल्व्हच्या जागी आलेल्या ट्रान्झिस्टरचं सर्किट तो सपकन कापतं, आणि त्यातून वरच्या पटींचे कर्कश स्वर निघतात. रसेल हॅम यांनी १९७३ च्या निबंधात स्टुडिओतल्या माइकच्या अँप्लिफायरवर नेमका हाच फरक मांडला. शिवाय व्हॉल्व्ह स्पीकरला ट्रान्सफॉर्मरमधून जोडतात. त्यामुळे स्पीकरच्या पडद्यावरची पकड सैल राहते आणि खर्ज थोडा फुगतो.

ट्रान्झिस्टर १९४७ सालचा. पण त्याचे सुरुवातीचे अँप्लिफायर खरोखरच कमी पडत. त्यांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळी, खालचा दुसरा, आणि हातबदल होताना मध्ये खाच पडे. मोठ्या आवाजात ती झाकली जाई. आलापाच्या हळुवार जागी मात्र टोचे. पुढे सर्किटं सुधारली, ती खाच जवळपास नाहीशी झाली. नाव वाईट झालं ते झालंच.

आजोबांच्या तक्रारीतला 'ट्रान्झिस्टर' मात्र अँप्लिफायर नव्हताच. तो हातात मावणारा छोटा रेडिओ होता, तळहाताएवढ्या स्पीकरचा. घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मोठा स्पीकर होता आणि भोवती लाकडी पेटी होती.