कॉग्निटिव्ह सायन्सची पदव्युत्तर पदवी: पात्रता, प्रवेशपरीक्षा आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे

कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे संज्ञानशास्त्र. लक्ष, स्मृती, भाषा, निर्णय यांच्यामागे मनात आणि मेंदूत काय घडते, याचा हा प्रयोगाधारित अभ्यास. या विषयात एम.एस्सी. किंवा संशोधनाधारित एम.एस. करायचे ठरवले की महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. या विषयाचे जुने, नावाजलेले अभ्यासक्रम गांधीनगर, दिल्ली, कानपूर, हैदराबाद आणि अलाहाबादला आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक संस्था केंद्र सरकारच्या आहेत. त्यामुळे सीईटी सेल, महाडीबीटी, जात पडताळणी ही इथली नेहमीची वाट तिथे चालत नाही. दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात. परीक्षेत चांगले गुण मिळवूनही जागा जाते ती बहुतेक वेळा इथे, म्हणून या लेखात कागदपत्रांना जास्त जागा दिली आहे.

कुठे आणि कोणत्या परीक्षेने

प्रत्येक संस्थेचे दार वेगळे आहे. आधी संस्था ठरवा, मग परीक्षा. उलट केले तर वर्ष जाते.

आयआयटी गांधीनगरची दोन वर्षांची एम.एस्सी. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. गेट किंवा जॅम या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा लागत नाहीत. संस्था स्वतः लेखी परीक्षा आणि मुलाखत घेते. बी.ए. मराठी किंवा बी.कॉम. केलेल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो, म्हणून शाखा बदलणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. आयआयटी दिल्लीतही मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्र विभागात या विषयाची एम.एस्सी. आहे.

आयआयटी कानपूरमध्ये कॉग्निटिव्ह सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे. तिथली पदवी संशोधनाधारित एम.एस. असल्याने प्रबंधाला वजन जास्त आणि तासिका कमी. या वाटेने जाणाऱ्याने गेट द्यावी. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी गेटमध्ये एक्सएच हा पेपर 2021 पासून आहे. तीन तास, 100 गुण. त्यांपैकी सामान्य क्षमतेचे 15, तर्क आणि आकलनाचा अनिवार्य भाग 25, आणि निवडलेल्या विषयाचे 60. या 60 गुणांसाठी मानसशास्त्र, भाषाविज्ञान किंवा तत्त्वज्ञान यांतला एक भाग घेता येतो. अभियंत्यांनी आपल्या मूळ शाखेचा पेपर दिला तरी चालते का, हे विभागाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते आणि गुणांकन तीन वर्षे चालते. म्हणून तिसऱ्या वर्षातच एकदा देऊन ठेवणे शहाणपणाचे. चुकीच्या उत्तराला एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश गुण कापले जातात. एकाहून अधिक उत्तरे बरोबर असलेल्या आणि संख्या लिहायच्या प्रश्नांना मात्र कपात नाही, ते कोरे सोडू नयेत.

हैदराबाद विद्यापीठाच्या न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सच्या एम.एस्सी.साठी सीयूईटी-पीजी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा आहे. सध्याच्या रचनेत 75 प्रश्न, 90 मिनिटे, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 गुण वजा. या परीक्षेत मराठी माध्यमाचा पर्याय नाही. इथे दोन चुका दरवर्षी होतात. पहिली म्हणजे पेपरचा संकेतांक चुकीचा निवडणे. अभ्यासक्रमाच्या नावावरून अंदाज बांधू नका, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्या अभ्यासक्रमासमोर कोणता संकेतांक आहे ते पाहूनच भरा. दुसरी चूक जास्त महागात पडते. सीयूईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. निकालानंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी आणि वेगळे शुल्क भरावे लागते. ती खिडकी थोडे दिवस उघडी असते, आणि ती चुकली की गुण कितीही असोत, नाव यादीत येत नाही.

अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन आणि संज्ञान विज्ञान केंद्र 2002 मध्ये सुरू झाले. तिथली प्रवेशपरीक्षा पीजीएटी. हैदराबादच्या आयआयआयटीत याच विषयाची प्रयोगशाळा आहे आणि तिथली संशोधन पदवी पीजीईई या तिच्या स्वतःच्या परीक्षेने मिळते. संगणकाकडून येणाऱ्यांना ही जागा मानवते. मुंबईतच राहून या विषयाच्या जवळचे काही करायचे असेल तर मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथली पीएच.डी. विज्ञान शिक्षणातली असते आणि मुले कशी शिकतात यावरचे बरेच काम संज्ञानशास्त्राला चिकटून आहे.

टक्केवारी, सीजीपीए आणि एटीकेटी

खुल्या वर्गासाठी पदवीला 55 किंवा 60 टक्क्यांची अट सर्रास दिसते, राखीव वर्गांना सवलत असते. नेमका आकडा त्या वर्षीच्या जाहिरातीतलाच धरावा. अर्जात सीजीपीए भरायची सोय असेल तर गुणपत्रकावर छापले आहे तेच भरा. टक्केवारीच मागितली असेल तर सीजीपीएला सरळ 10 ने गुणू नका, कारण प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे. फुगवलेली टक्केवारी पडताळणीत उघडी पडली की प्रवेश रद्द होतो.

शेवटच्या वर्षातले विद्यार्थी अर्ज करू शकतात. प्रवेश तात्पुरता मिळतो आणि अंतिम गुणपत्रक बहुतेक ठिकाणी 30 सप्टेंबरच्या आसपास द्यावे लागते. ‘निकाल प्रलंबित’ आणि ‘एटीकेटी प्रलंबित’ यांत फरक आहे. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सगळ्या विषयांची परीक्षा देऊन झालेली असली पाहिजे. पाचव्या सत्राचा एक विषय हिवाळ्यात देईन, हे चालत नाही. निकाल लांबणार असे दिसले तर महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी, सर्व परीक्षा कोणत्या तारखेला संपल्या हे लिहून घ्या.

जातीचे आणि आर्थिक दाखले

सेतू केंद्रात ‘नॉन-क्रिमी लेअर’ म्हटले की राज्याच्या नमुन्यातला दाखला मिळतो. केंद्रीय संस्थेला तो चालत नाही. अर्ज करतानाच ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ असे सांगावे आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकातला नमुना छापून सोबत न्यावा. राज्याचा दाखला तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो, पण केंद्रीय संस्था सहसा चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतरचा दाखला मागतात.

त्याआधी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत महाराष्ट्रासमोर आहे का, हे पाहणे आवश्यक. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर ही यादी आहे. राज्यातली विमुक्त जाती (विजा-अ), भटक्या जमाती (भज-ब, क, ड) आणि विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) ही वर्गवारी केंद्रात नाही. या समाजांतले अनेक जण केंद्राच्या ओबीसी यादीत येतात, पण सगळेच नाहीत. राज्यात ओबीसी आणि केंद्रात नाही, अशा विद्यार्थ्याने केंद्राच्या अर्जात ओबीसी लिहिले तर पडताळणीत त्याला खुल्या वर्गात टाकले जाते किंवा जागाच जाते.

मराठा विद्यार्थ्यांसाठी हे नीट सांगायला हवे. 2024 च्या कायद्यातले एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्याचे आहे. आयआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठात ते लागू नाही. कुणबी नोंद आणि तसा दाखला असेल तर केंद्राच्या यादीतली नोंद तपासून ओबीसीचा मार्ग घ्यावा. नसेल आणि निकषांत बसत असाल तर केंद्राचे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आरक्षण मिळू शकते. तहसील कार्यालयात ‘एसईबीसीला ईडब्ल्यूएस मिळत नाही’ असे उत्तर आले तर दाखला केंद्रीय संस्थेतल्या प्रवेशासाठी आहे हे स्पष्ट करावे आणि अर्जावर तसे लिहावे.

ईडब्ल्यूएसचे निकष: कुटुंबाचे मागील आर्थिक वर्षाचे सर्व मार्गांचे उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी. पगार आणि शेती दोन्ही धरून. शेतजमीन 5 एकर किंवा जास्त नको, 1,000 चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट नको, अधिसूचित पालिका हद्दीत 100 चौरस यार्ड किंवा मोठा निवासी भूखंड नको, इतरत्र 200. ओबीसीच्या नॉन-क्रिमी लेअरसाठीही मर्यादा 8 लाखांचीच, पण तिचा हिशेब वेगळा आहे. तिथे पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या मर्यादेत धरत नाहीत, मात्र पालकांचे पद पाहिले जाते. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्याने पात्र असूनही दाखला न काढणारी घरे बरीच आहेत.

वेळेची अडचण अशी, की अर्ज जानेवारी ते मार्चमध्ये भरले जातात आणि ईडब्ल्यूएसची मुदत 31 मार्चला संपते. अर्जासोबत जुना दाखला किंवा संस्थेने दिलेले हमीपत्र जोडा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्यासाठी तहसीलमध्ये जा. मे महिन्यापर्यंत थांबलात तर दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांची गर्दी तिथे आधीच उभी असते.

बौद्ध विद्यार्थ्यांनी दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ असे आहे की धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जातही नोंदली आहे, हे तपासावे. केंद्रीय संस्थेला मूळ जातीची नोंद लागते. दिव्यांग विद्यार्थ्यांना किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते.

नाव आणि बाकीचे कागद

बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीच्या गुणपत्रकावर आईचेही नाव. त्यात ‘वाघमारे’चे इंग्रजी स्पेलिंग एकीकडे डब्ल्यूने, दुसरीकडे व्हीने. नावांचा क्रम बदललेला असेल तर साध्या प्रतिज्ञापत्रावर निभावते, स्पेलिंगमधली तफावत मात्र अडवते. गेटचा किंवा सीयूईटीचा अर्ज भरण्याआधी आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र ठेवा.

प्रवेशाच्या दिवशी मूळ गुणपत्रके, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. यातले शेवटचे, म्हणजे मायग्रेशन, विद्यापीठातून येते, महाविद्यालयातून नाही. निकालाच्या दिवशीच त्यासाठी अर्ज टाका.

उद्देशपत्र आणि मुलाखत

‘मला लहानपणापासून मनाचे कुतूहल आहे’ अशी सुरुवात असलेले उद्देशपत्र (एसओपी) निवड समिती रोज वाचते. त्याऐवजी एक प्रश्न मांडा, जो प्रयोगाने तपासता येईल. उदाहरणार्थ, ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. मग असे शब्द वाचायला ‘की’ असलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो का? दुसरीतल्या मुलाला आणि सरावलेल्या वाचकाला सारखाच फरक पडतो का? काय मोजणार, काय बदलणार, शब्दांची लांबी आणि वापरातली वारंवारता कशी समान ठेवणार, हे दहा ओळींत लिहिता आले तर अर्ज वेगळा उठून दिसतो. मुलाखतीतही प्रश्न याच वळणाचे येतात: स्वतंत्र चल कोणते, नियंत्रण गट कशाला, सरासरीतला फरक योगायोगाने आलेला नाही हे कसे ठरवाल. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्राथमिक संख्याशास्त्र आणि थोडे पायथॉन किंवा आर शिकून जावे, अभियंत्यांनी स्मृती आणि लक्ष यांवरचे मूलभूत प्रयोग वाचून जावे. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांचा ईमेल शक्यतो महाविद्यालयाच्या डोमेनचा असावा, आणि त्यांना तीन आठवडे आधी कळवावे.

अर्ज करण्याआधी पदवीचा पुढचा उपयोगही पाहून घ्या. या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण लागते आणि त्याचा पाया मानसशास्त्राची पदवी हा आहे. समुपदेशनाकडे ओढा असलेल्याने एम.ए. मानसशास्त्रच करावे. यूजीसी नेटमध्येही कॉग्निटिव्ह सायन्स असा स्वतंत्र विषय नाही. मानसशास्त्र, भाषाविज्ञान किंवा तत्त्वज्ञान यांतला जवळचा विषय घ्यावा लागतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये. चार वर्षांची पदवी 75 टक्के किंवा अधिक गुणांनी पूर्ण केलेल्यांना 2022 च्या यूजीसी नियमांनुसार एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, मात्र विभाग तशा विद्यार्थ्यांना घेतो का, हे जाहिरातीत वाचूनच शुल्क भरावे.