हलकं काम, जड मन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेलो होतो. आत मागांची खडखड एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तरी हातवारे करावे लागतात. दाराशी साठीला टेकलेले एक काका कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या, भरत बसले होते. रिकामी कांडी लावायची, भरली की काढायची, टोपलीत टाकायची. उभं आयुष्य त्यांनी माग चालवण्यात घालवलं. गुडघे धरायला लागले तसं मालकांनी त्यांना बसून करायचं हलकं काम दिलं. मालकांच्या मनात मायाच होती. काका मात्र म्हणाले, "हात चालतोय, पण डोकं गंजायलंय बघा."

काकांच्या या तक्रारीला शास्त्राचा आधार आहे. कामाचा ताण कामाच्या ओझ्यावर ठरतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली त्यात दुसरी बाजू जोडली: ते काम कसं करायचं, हे ठरवणं माणसाच्या हातात किती आहे? ओझं जास्त आणि हातात काहीच नाही, अशा कामात मन सर्वांत जास्त पिचतं. ओझं तेवढंच, पण आपल्या बुद्धीने वागायची मोकळीक असेल, तर त्याच कामातून माणूस शिकत जातो. पुढे लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. म्हणजे ही घुसमट मनापाशी थांबत नाही, शरीरात उतरते.

मागावर वेग यंत्र ठरवतं. धागा तुटला की धावायचं, जोडायचं, पुन्हा माग सुरू करायचा. मोबदला मालाच्या हिशोबाने मिळतो, त्यामुळे बंद पडलेला माग म्हणजे बुडालेले पैसे.

आता यात वय आणा. २०१३ साली इटलीतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत एक बारीक फरक दाखवला. कामात निरनिराळी कामं असणं वेगळं आणि कामाला निरनिराळी कौशल्यं लागणं वेगळं. पहिल्याचा फायदा तरुणांना जास्त झाला. ते कमी थकले, नोकरी सोडायचा विचारही त्यांच्या मनात कमी आला. वय वाढलेल्यांना फायदा झाला तो दुसऱ्याचा. वर्षानुवर्षे कमावलेलं सगळं कसब जिथे पणाला लागतं, तिथे ती माणसं टिकून राहिली.

मला हा निष्कर्ष वाचताना कांड्यांची ती टोपली आठवली. मी तिथे असतानाच एक माग अडला. वीस-बाविशीचा पोरगा दोनदा खटपट करून शेवटी काकांना बोलवायला आला. काका उठले, गुडघ्यावर हात ठेवून मागापाशी वाकले, धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या नावेची) पेटी चाचपली, पाना मागितला. पाच मिनिटांत माग चालू. परत येताना त्यांची चाल बदललेली होती. हे काम कांड्या भरण्यापेक्षा शरीराला जडच, तरी माझ्या मते त्यांना तेच द्यायला हवं: माग दुरुस्त करणं, पोरांना शिकवणं, आणि अंगमेहनतीला एक जोडीदार. कांड्यांवर महिनोन्‌महिने नव्या पोरालाही बसवू नये. त्याला चार जागी फिरवावं, म्हणजे तोही तयार होईल.

मधल्या वयाचं दुखणं निराळं. तिथे प्रश्न कसबाचा कमी आणि वेळेचा जास्त. चाळिशी ओलांडली की झोप हलकी होत जाते, रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप तर आणखी तुटते. त्यात सोलापूरचा मे महिना, पत्र्याचं छप्पर, घरात पोरं. विसाव्या वर्षी जी पाळी अंगावर काढता येते, तीच पंचेचाळिशीत चिडचिड आणि उदासी घेऊन येते. पाळीचं वेळापत्रक आधी कळलं, अडचणीला अदलाबदल करता आली, तरी बराच भार उतरतो. त्याला पैसाही फारसा लागत नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांकडे पाहून वाटतं, यांना वेळेचं स्वातंत्र्य आहे. घरच्या उंबऱ्यात, मांडीवर सूप, बाजूला पोरांचा अभ्यास. पण हजार विड्यांचा आकडा मानेवर बसलेला असतो. आणि विडी कंपनीच्या ब्रँचवर माल द्यायला गेल्यावर छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेला माल, किती निघेल, हे त्यांच्या हातात नसतं. जर्मनीतले शास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ साली हेच मांडलं: घातलेले कष्ट आणि पदरात पडणारा मोबदला, मान, भरवसा यांचा मेळ बसला नाही, की तब्येत ढासळते. पंधराव्या वर्षी आईशेजारी बसून वळायला शिकलेली बाई पन्नाशीत मान-पाठीचं दुखणं घेऊन तेच मोजत बसते, तेव्हा छाटीत गेलेली प्रत्येक जुडी तिला जास्त लागते.

अशा विषयावर बोलताना एका आकड्यापासून सावध राहावं. ब्रिटनमधल्या पाच हजारांहून अधिक नोकरदारांच्या पाहणीत कामाचं समाधान तिशीच्या आसपास तळाला गेलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत चढत गेलं. त्यावरून 'म्हातारी माणसं कामात सुखी असतात' असं म्हणणं सोपं आहे. काही अंशी खरंही आहे. वयाने माणूस राग आवरायला शिकतो, अपेक्षा बेतात ठेवतो. पण पाहणी होते ती कामावर असलेल्यांची. ज्यांना सोसलं नाही ते आधीच बाहेर पडलेले असतात.

बाहेर पडलेल्यांचं काय होतं, हे ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. गावची कापडगिरणी बंद पडली होती. १९३३ साली त्यांनी लिहिलं: वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तकं कमी जाऊ लागली, रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालू लागले, वाटेत उगाच थांबू लागले. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नाही. त्यांचं घरकाम कुठे सुटलं होतं? ज्या सोलापुरात एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले, तिथे हे फार उलगडून सांगावं लागत नाही. इथल्या कामगारांच्या मनाची पाहणी कधी झाली, तर ती कारखान्याच्या दारात संपू नये. दुपारी तीनच्या सुमारास पूर्व भागातल्या गल्ल्यांतून फिरावं, आणि ओट्यावर बसलेल्यांना विचारावं, माग कधी सोडला आणि का.