वार्धक्य : हालचाल व स्वावलंबन (वडोदरा)

वय वाढत जाताना स्नायूंचे बळ, शरीराचा तोल व सांध्यांची लवचीकता कमी होते आणि त्यांच्यावर उभे असलेले रोजचे स्वावलंबन उणावत जाते. त्या अवस्थेविषयीची ही नोंद आहे. वार्धक्याला संस्कृतात असलेला ‘जरा’ हा शब्द झिजणे, जीर्ण होणे या अर्थाच्या ‘जॄ’ धातूपासून आला आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांत वृद्धांची चौकशी करताना वय क्वचितच विचारतात. ‘आजी अजून खाली बसतात का?’ असे विचारतात, आणि उत्तरही ‘हातपाय चालताहेत तोवर बरं’ असे मिळते. या बोलण्यातला निकष शास्त्रीय व्याख्यांच्या बराच जवळचा आहे.

वार्धक्य नेमके केव्हा सुरू होते याबद्दल आयुर्वेदाच्या ग्रंथांत एकमत नाही. चरकसंहितेत ३० वर्षांपर्यंत बाल, ६० पर्यंत मध्य व पुढे जीर्ण असे वयाचे भाग आहेत. सुश्रुतसंहिता बाल्य १६ व्या वर्षी संपवते आणि मध्यम वय ७० पर्यंत नेते. वाग्भटाची विभागणी साधारण तिच्यासारखीच आहे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत पुढील काळात भर व फेरफार झाल्याने या विभागण्या कोणत्या शतकातील हे ठरवणे अवघड आहे. चरकाची ६० ही मर्यादा आजच्या सरकारी व्याख्येशी जुळते, म्हणून काही लेखक तिला झुकते माप देतात. प्रस्तुत नोंदीत सुश्रुताचे विवेचन अधिक ग्राह्य धरले आहे, कारण त्यात मध्यम वयाचेही पोटभाग आहेत : २० पर्यंत वृद्धी, ३० पर्यंत यौवन, ४० पर्यंत संपूर्णता आणि तेथून ७० पर्यंत किंचित हानी. हे पाहिले की दोन्ही मतांतील अंतर बरेचसे मिटते. शिवाय वृद्ध कोणाला म्हणावे हे सांगताना सुश्रुत केवळ सुरकुत्या व पिकलेले केस यांवर थांबत नाही. सर्व क्रियांत असमर्थ होणे हे लक्षण तो देतो आणि पावसाने भिजून खचत चाललेल्या जुन्या घराची उपमा योजतो. नंतरच्या, बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत दर दशकाला एकेक गुण घटतो असे म्हटले आहे. तेथे त्वचा पाचव्या, दृष्टी सहाव्या आणि कर्मेंद्रिये दहाव्या दशकात येतात. हा क्रम पाठभेदांमुळे शब्दशः घेऊ नये.

आधुनिक वैद्यकात स्नायूंच्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘मांस’ व ‘उणीव’ या अर्थांच्या शब्दांपासून ही संज्ञा अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस घडवली. आरंभी भर स्नायूंच्या वस्तुमानावर होता. २०१९ च्या युरोपीय व आशियाई तज्ज्ञगटांच्या व्याख्यांत मात्र बळ व कार्यक्षमता यांना महत्त्व आले, कारण बळ हे वस्तुमानापेक्षा लवकर घटते. आशियाई निकषांनुसार हाताच्या पकडीचे बळ पुरुषांत २८ किग्रॅ. व स्त्रियांत १८ किग्रॅ. यांहून कमी असणे, चालीचा वेग सेकंदाला १ मीटरहून कमी असणे आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणे ही धोक्याची चिन्हे होत. स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात. पाय घसरला असता क्षणात तोल सावरण्याचे काम मुख्यतः त्यांचेच असते. त्यात मोतीबिंदू, पावलांची मंदावलेली संवेदना, उठताच रक्तदाब उतरणे आणि ठिसूळ हाडे यांची भर पडली की साधे पडणेही खुब्याच्या अस्थिभंगावर जाते.

खाली बसून उठणे ही आपल्या घरांतली खरी परीक्षा. पाटावरून उठताना आधी एक हात जमिनीला टेकतो, पुढे दोन्ही टेकू लागतात, मग भिंत धरावी लागते, आणि एक दिवस पंगतीत खुर्ची मागवली जाते. गुजरातेत दिवाणखान्यातला झोपाळा मराठी घरांतही रुळला आहे. तो हलते आसन असल्याने त्यावरून उठायचे तर पाऊल रोवून आधी फळी थांबवावी लागते, पितळी कडी घट्ट धरावी लागते आणि मगच वजन पुढे घ्यावे लागते. हात कडीवर दर वेळी अधिक वर जाऊ लागला, तर मांड्यांचे बळ कमी होत आहे असे समजावे. जुन्या वाड्यांचे जिने अरुंद व उभट. वरच्या मजल्यावरील वृद्धांचे खाली उतरणे बंद झाले की कामाटीबागेतील (सयाजीबाग, १८७९) फेरी, देऊळ व शेजार एकदमच सुटतात.

बळ परत मिळवता येते हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि याची हानी फार मोठी आहे. बॉस्टन येथे झालेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी ८ आठवडे वजने उचलली. पायांच्या बळात सरासरी १७४ टक्के वाढ दिसली. वडोदऱ्याला व्यायामाची परंपरा मोठी आहे. येथील व्यायामगुरू जुम्मादादा यांचे शिष्य प्रो. माणिकराव (मृत्यू १९५४) यांनी संघव्यायामाबरोबर हाडवैद्यकही चालवले, आणि व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरातून निघाले. पण आखाड्याचे हे वाङ्मय मुख्यतः तरुणांना उद्देशून आहे.

स्वावलंबन मोजण्यासाठी सिडनी कॅट्झ यांची १९६३ ची मापनपद्धती आजही वापरतात. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा व जेवणे या सहा क्रिया तीत आहेत. साधारणपणे स्नान आधी सुटते व जेवणे अखेरीस. म्हणून घरातील फेरबदल न्हाणीघरापासून सुरू करावेत : न घसरणारी फरशी, भिंतीत पक्की बसवलेली कडी, बसून अंघोळीसाठी स्टूल, आणि आत कोणी असताना बाहेरून उघडता येईल अशी दाराची खिटी.