फोटोत न निघणारी गाठ

बैलगाडीवरून पडल्याला दीड वर्ष होऊन गेलेलं असतं. मार मुका होता, हाड मोडलं नव्हतं, सूज आठवड्याभरात उतरली होती. तरी खांद्याच्या पात्यापाशी एक जागा अशी उरते, की तिथं बोट दाबलं की माणूस ‘हौ, तिथंच!’ म्हणून दचकतो आणि कळ दंडात उतरते. तालुक्याला जाऊन एक्स-रेचा फोटो काढला तर त्यात काही निघत नाही. मग घरात बोलणं सुरू होतं: फोटो साफ आहे, म्हणजे दुखणं मनाचं आहे. बाई असेल तर कापसाची वेचणी टाळायला सोंग करते, हेही वरून ऐकावं लागतं.

हे ऐकवणं अन्यायाचं आहे. एक्स-रेत हाड दिसतं, स्नायूतला असा बिघाड दिसत नाही. साफ फोटोवरून हाड शाबूत आहे एवढंच कळतं. अशा दुखण्यात बऱ्याचदा स्नायूत एक कडक पट्टा हाताला लागतो आणि त्या पट्ट्यावर एक बारीक, अतिशय हुळहुळी जागा सापडते. डॉक्टर तिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. आपल्याकडे लोक ‘गाठ धरली’ म्हणतात, उसण भरली म्हणतात, चमक निघाली म्हणतात. या सगळ्या तक्रारींमागे एकच कारण नसतं, पण पुष्कळदा ही गाठच असते.

मार लागला की स्नायूतले काही तंतू तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. काही तासांत पांढऱ्या पेशी तिथं पोचतात आणि मेलेला भाग साफ करायला लागतात. सूज आणि ठणका त्यातूनच येतो. पाठोपाठ तंतूंच्या कडेला चिकटून निजलेल्या उपग्रह पेशी जाग्या होतात. अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्यांची नोंद केली. या पेशी वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि नवे तंतू घडवतात. साध्या मुक्या माराची दुरुस्ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत पुरी होते. मार खोल असेल तर मध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाचा व्रण राहतो आणि तेवढा भाग पूर्वीसारखा ताणत नाही.

म्हणजे दीड वर्षानं दुखतात ते तुटलेले तंतू नसतात, ते केव्हाच जुळून आलेले असतात. दुखतात ते एकदा आवळले आणि पुन्हा सैल न झालेले.

प्रत्येक तंतूत आकुंचन पावणारे असंख्य खण एकापुढे एक लागलेले असतात. एका खणाची लांबी मिलिमीटरच्या साधारण चारशेव्या भागाएवढी असते. त्याला सार्कोमिअर म्हणतात. त्यात मायोसिन या प्रथिनाची टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा धागा पकडून ओढतात, विहिरीवर दोर ओढणाऱ्या हातांसारखी. पण या हातांना दोर सोडायलाही ताकद लागते. एटीपी हा ऊर्जेचा रेणू येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनची पकड सुटत नाही. मेल्यावर शरीर ताठ होतं ते एटीपी संपल्यामुळंच. ओढण्याचा हुकूम कॅल्शियम देतं: मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सुटतं, त्यानं तंतूत कॅल्शियम मोकळं होतं आणि आकुंचन सुरू होतं. काम झालं की ते कॅल्शियम परत साठ्यात नेणारे पंप असतात, आणि तेही एटीपीवरच चालतात.

आता मार लागलेल्या किंवा फार ताणलेल्या जागी ॲसिटिलकोलीन गरजेपेक्षा जास्त गळत राहिलं, तर त्या तुकड्यातले खण आवळलेलेच राहतात. आवळलेला भाग स्वतःच्याच केशवाहिन्या दाबतो, रक्त कमी येतं, प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू नाही म्हणून एटीपी कमी बनतं, एटीपी नाही म्हणून पंप मंदावतात, कॅल्शियम तिथंच राहतं आणि पकड सुटत नाही. शिवाय तिथं साठलेलं आम्ल ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मंद करतं. असं हे चक्र स्वतःच स्वतःला चालू ठेवतं. ही कल्पना अमेरिकेच्या जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या दोघांनी मांडली. ट्रॅव्हेल बाई म्हणजे पाठदुखीनं हैराण झालेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर. राष्ट्राध्यक्षांच्या खासगी डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या स्त्री.

कल्पना छान आहे, पण पुरावा काय? १९९३ साली हबर्ड आणि बर्कोफ यांनी अशा गाठीत सुईचा इलेक्ट्रोड घातला, तेव्हा माणूस पूर्ण विसाव्यात असतानाही तिथं विद्युत हालचाल मिळाली. त्याच स्नायूत शेजारी सुई घातली तर शांतता होती. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह आणि सहकाऱ्यांनी त्याहून नाजूक काम केलं. मानेखालच्या स्नायूतल्या गाठीत अतिसूक्ष्म नळी असलेली सुई घालून त्यांनी आतला द्राव काढून तपासला. दुखणाऱ्या गाठीत ब्रॅडिकायनिन, सबस्टन्स पी, सेरोटोनिन असे वेदना जागवणारे पदार्थ जास्त होते आणि द्राव जास्त आम्लयुक्त होता. ज्यांना दुखणं नव्हतं त्यांच्यात तसं नव्हतं. मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ‘मनाचं दुखणं’ म्हणणाऱ्याला तो मोजमापानं उत्तर देतो. २००८ साली याच गटाला दुखणाऱ्या माणसांच्या न दुखणाऱ्या पोटरीतही हे पदार्थ वाढलेले आढळले. म्हणजे एका गाठीची झळ तिच्या जागेपुरती राहत नाही.

या साऱ्यावर वादही आहे. दोन डॉक्टरांनी तोच रुग्ण तपासला तर दोघांना गाठ एकाच जागी सापडेलच असं नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. मूळ बिघाड स्नायूत नसून मज्जासंस्थेत असावा, असं काही अभ्यासक ठामपणे मांडतात. सोनोग्राफीत या जागा काळपट आणि जास्त कडक दिसल्याचे अहवाल मात्र २००९ पासून येत आहेत.

मार तर सगळ्यांनाच लागतो, मग गाठ काहींनाच का धरते? इथं आपल्या विदर्भातलं काम आडवं येतं. मेंदू हलक्या कामासाठी आधी बारीक तंतू कामाला लावतो, आणि विश्रांती मिळेपर्यंत तेच राबत राहतात. कापूस वेचताना जोर फारसा लागत नाही, पण कमरेला ओटी, मान खाली, दोन्ही हात बोंडांवर, आणि हे सकाळपासून सांजेपर्यंत. त्यात किलोमागे मजुरी असली की मध्ये ताठ उभं राहायचीही चोरी. भंडारा-गोंदियाकडं धानाच्या रोवणीत तासन् तास वाकून तेच होतं. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर असतो तेव्हा पट्ट्याखालचा खांदा सतत आवळलेला राहतो. आधी मार खाल्लेला स्नायू पुरता सावरायच्या आत अशा कामाला जुंपला, तर तो सैल कधी पडणार?

आणखी एका गोष्टीनं फसगत होते. दुखतं तिथंच गाठ असते असं नाही. १९३८ साली लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी निरोगी माणसांच्या स्नायूत ६ टक्के मिठाचं पाणी टोचून पाहिलं. वेदना टोचलेल्या जागेपासून दूर, ठरावीक वाटांनी पसरली. कुल्ल्याच्या स्नायूतली गाठ पायात कळ पाठवते आणि माणूस ‘नस दबली’ म्हणून घाबरतो. मानेखालची गाठ कानशिलाशी ठणकते आणि डोकेदुखीच्या गोळ्या चालू होतात. स्नायूंकडून आणि दुसऱ्या भागांकडून येणारे संदेश पाठीच्या कण्यात एकाच चेतापेशीवर येऊन मिळतात, म्हणून मेंदूला नेमकी जागा ओळखता येत नाही.

गावात यावर बिब्बा लावतात, डाग देतात. दोन्हींनी कातडी भाजते आणि गाठ आत तशीच राहते, म्हणून हे करू नये. पायाळू माणसाचा पाय उसणीवर लावतात. आराम पडत असेल तर तो दाबानं, जन्म कसा झाला याचा त्यात काही संबंध नाही. आणि नव्या मारावर कुणी पाय देऊ नये. शेक चांगला, कारण त्यानं रक्त वाढतं. गाठीवर अंगठ्यानं सोसेल इतकाच दाब अर्धा-एक मिनिट धरायचा, मग तो स्नायू हळूहळू ताणायचा, श्वास न रोखता. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून एकट्यालाही हे जमतं. कोरडी सुई टोचून गाठ सोडवण्याचाही उपचार आहे. प्रागच्या कारेल लेविट यांनी औषधाविना नुसत्या सुईनं आराम पडतो हे १९७९ साली दाखवलं. पण ती सुई शिकलेल्या हातातच असावी, कारण छातीच्या पिंजऱ्यावर चूक झाली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. नागपूर आणि सावंगी मेघे इथं फिजिओथेरपी शिकवणारी महाविद्यालयं आहेत.

काही दुखण्यांना मात्र गाठ समजून चोळत बसू नये. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, दुखण्यासोबत ताप येणं किंवा वजन उतरणं, अशा वेळी सरळ दवाखाना गाठावा. छातीत दडपण येऊन डाव्या हातात कळ जात असेल आणि घाम फुटत असेल, तर शेकण्यात वेळ न घालवता आधी ईसीजी. मुक्या मारानंतर पहिले दोन दिवस चोळू नये. ठणका उतरला की हलकी हालचाल सुरू करावी, आणि वेचणीला परतताना पहिला आठवडा अर्धा दिवसच काम मागून घ्यावं.