सॅटेलाइट इंटरनेटची डिश नव्या जागी नेताना: नाशिक जिल्ह्यातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टेम्पो ठरला, सामान निघालं आणि त्यातच डिशही चढवली, असं कृपया करू नका. डिश हलवण्याचं काम नव्या जागेपासून सुरू होतं. तिथलं आकाश मोकळं आहे, पाया तयार आहे आणि सेवा देणाऱ्या कंपनीची लेखी मंजुरी आली आहे, एवढं झाल्यावरच जुन्या जागच्या नटाला पाना लावायचा.

मंजुरी लागते, कारण तुमची यंत्रणा कंपनीच्या नोंदीत ठरावीक अक्षांश-रेखांशावर असते. शिवाय जीसॅट-११ सारखा उपग्रह साऱ्या देशावर एकच झोत टाकत नाही. त्याचे ग्राहकांसाठीचे ३२ वेगळे झोत आहेत. नवी जागा शेजारच्या झोतात गेली, तर हबकडून, म्हणजे कंपनीच्या मुख्य केंद्राकडून, मॉडेमची मांडणी (सेटिंग) बदलून घ्यावी लागते. ती बदलली नाही, तर डिश अचूक लावूनही मॉडेम लॉक होत नाही, म्हणजे सिग्नल पकडत नाही. सातपूरहून अंबडला जाताना हा प्रश्न सहसा येत नाही. जिल्ह्याबाहेर जात असाल तर आधी विचारायलाच हवं.

जागा कशी पाहायची

जीसॅट-११ ७४° पूर्व रेखांशावर आहे आणि नाशिक ७३.८° वर. म्हणून आपल्याकडून तो जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६६.५° उंच असतो. दक्षिणेची इमारत किंवा झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्मं अंतर मधे मोकळं असलं तर चालतं. १० मीटर उंच भिंतीपासून ५ मीटर. झाड असेल तर पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ धरा. सुबाभूळ आणि निलगिरी फार लवकर आड येतात. तुमची सेवा दुसऱ्या उपग्रहावर असेल तर कोन वेगळे येतात. ते आम्ही काढून देतो.

बरेच ग्राहक म्हणतात, डिशचं तोंड समोरच्या भिंतीकडे आहे, मग सिग्नल कसा येणार? आपल्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. तबकडी दिसताना ४४-४५° वर कललेली दिसते, पण तिची नजर त्याहून साधारण २२° वर असते. त्यामुळे समोर दिसणारी भिंत खरोखर आड येत असेलच असं नाही.

एक सोपी परीक्षा आहे. १२ मार्चच्या आसपास दुपारी पाऊण वाजता किंवा २ ऑक्टोबरच्या आसपास साडेबाराच्या थोडं आधी सूर्य नेमका या उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी डिशच्या जागी ऊन पडलं असेल तर वाट मोकळी आहे. इतर दिवशी आम्ही कोनमापक घेऊन येतो. होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी टाकी, पत्रे आणि स्लॅबमधल्या सळ्यांपासून लांब उभं राहून दिशा घ्या.

पाया आणि पोल

सर्वात जास्त तक्रारी इथून येतात. १.२ मीटरच्या डिशचा झोत जेमतेम दीड अंश रुंद असतो. दिशा अर्धा अंश चुकली तरी स्वच्छ आकाशात नेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या जोरदार पावसात ते बसतं. मीटरभर उंच पोलचा माथा ९ मिलिमीटर सरकला की झाला अर्धा अंश.

द्राक्षपट्ट्यातल्या काळ्या मातीत ही सरक हमखास होते. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टाकू नका, मुरूम लागेपर्यंत खोदा. आम्ही ६०० × ६०० × ६०० मिलिमीटरचा काँक्रीट ठोकळा घेतो आणि सात दिवस पाणी मारतो, म्हणून पायाचं काम आठवडाभर आधी सांगा. पोल ओळंब्यात हवा, आणि तो दोन काटकोनी दिशांनी तपासलेला. एका बाजूने सरळ दिसणारा पोल दुसऱ्या बाजूने झुकलेला असतो, मग डिश डावी-उजवी फिरवली की उंचीचा कोनही बदलत जातो.

गच्चीवर छिद्र पाडायचं नसेल तर वजनाचा स्टँड चालतो. फक्त वजनात काटकसर नको. नाशिकसाठी बांधकामात धरायचा वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. तेवढ्या वाऱ्यात या डिशवर १०० किलोहून जास्त रेटा येतो. पत्र्याच्या शेडवर आम्ही डिश बसवत नाही, कारण पत्रा थरथरतो.

उतरवताना

मॉडेम बंद करून प्लग काढा, मगच केबलला हात लावा. बाहेरच्या ट्रान्समीटरला वीज याच केबलमधून जाते. चालू असताना कनेक्टर सोडला आणि मधली तार कडेला टेकली तर मॉडेम जळू शकतो. फीडजवळ, म्हणजे तबकडीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या भागाजवळ, हात किंवा तोंड नेण्याआधीही मॉडेम बंद हवा.

उंचीच्या आणि फीडच्या पट्टीवरचे आकडे फोटोत घ्या, रंगाच्या पेनने खुणा करा. तबकडी टेम्पोत आडवी ठेवून वर पोती रचू नका. ती कडेवर उभी, दोन गाद्यांमध्ये न्या. पोहोचल्यावर कडेच्या चार बिंदूंवरून दोन दोरे आडवे-उभे ताणा. मध्यावर ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं तर तबकडी पिळलेली आहे आणि ती बदलावीच लागते. ठोकून सरळ केलेली तबकडी आम्ही बसवत नाही.

केबल, अर्थिंग

जुनी केबल ओढून काढून पुन्हा वापरू नका. ३० मीटरपर्यंत आरजी-६, पुढे आरजी-११, आणि मधली तार पूर्ण तांब्याची. टीव्हीच्या स्वस्त केबलमध्ये पोलादावर तांब्याचा मुलामा असतो. तिच्यातून सिग्नल जातो, पण वीज वाटेत पडते आणि ट्रान्समीटर मधूनच बंद होतो. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतः चिकटणारी रबर टेप लागते. बागेजवळ हे जास्तच जपा: बोर्डो मिश्रणाचा फवारा कनेक्टरवर बसला की धातू खातो. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब २ व्होल्टच्या आत आला नाही, तर तुमच्या वायरमनने तो दुरुस्त करेपर्यंत आम्ही मॉडेम जोडत नाही.

चालू करताना

सिग्नल दिसला म्हणजे काम झालं नाही. हबच्या अभियंत्यांसोबत फोनवर क्रॉस-पोल चाचणी होते. फीड थोडं जरी वाकडं असलं तरी तुमचा सिग्नल दुसऱ्याच्या वाहिनीत घुसतो, म्हणून ती पार पडल्याशिवाय प्रक्षेपणाला परवानगी मिळत नाही. यात तास-दोन तास जातात. त्या दिवशी पेट्रोल पंपाचं कार्ड मशीन किंवा पॅकहाउसचं काम नेटवर अवलंबून असेल तर मोबाइल डेटाची सोय ठेवा.

सिन्नरहून इगतपुरीला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तिथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिन्नरला पुरलेली डिश घाटमाथ्यावर पुरेलच असं नाही. मोठी डिश घ्यायची का, हे पाया टाकण्याआधी ठरवू.

वर सांगितलेल्या मार्च आणि ऑक्टोबरच्या दिवसांत दुपारी काही मिनिटं नेट जाईल. सूर्याचा गोंगाट सिग्नलवर चढतो, डिशला काही झालेलं नसतं. दहा मिनिटं थांबा. तरीही आलं नाही तर फोन करा.