संसदेने मंजूर केलं म्हणजे पाळत कायदेशीर?

पाळतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘संसदेने कायदा केलाय ना? मग संपलं.’ संपत नाही. कायदा संमत होणं वेगळं आणि तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर टिकणं वेगळं.

युरोपीय संघाच्या २००६च्या निर्देशानुसार कंपन्यांना सगळ्याच ग्राहकांच्या फोनच्या नोंदी साठवून ठेवाव्या लागत. संभाषण नव्हे, पण कोणी, कुणाला, कधी, कुठून फोन केला ते सगळं. संशयित असो वा नसो. एप्रिल २०१४मध्ये युरोपीय न्यायालयाने तो रद्द केला. त्यावर तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनच्या सरकारने जुलैमध्ये, अवघ्या काही दिवसांत, तसाच कायदा घाईघाईने संमत करून घेतला. त्याविरुद्ध कोर्टात गेले ते डेव्हिड डेव्हिस आणि टॉम वॉटसन, एक सत्ताधारी पक्षाचा खासदार, दुसरा विरोधी. २०१५मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१६मध्ये युरोपीय न्यायालयानेही सरसकट साठवण नाकारली. (तोवर डेव्हिस मंत्री झाले होते आणि खटल्यातून बाहेर पडले होते. खुर्चीची जादू!)

तेव्हा ‘कायदा आहे ना’ म्हणणाऱ्या नेत्याला विचारा: परवानगी कोण देतं, तपासतं कोण, आणि त्या कायद्याला तुम्ही मत का दिलं?