मुतखडा गेला, पण दूध कशाला सोडता?

मुतखड्याची कळ ज्याने सोसलीय त्याला काही सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. पण खडा पडला की माणूस सुटलो म्हणतो आणि तिथंच गाडी घसरते, कारण काहीच बदललं नाही तर साधारण निम्म्या लोकांना ५-१० वर्षांत परत खडा होतो.

सगळ्यात कॉमन खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांत असणारा एक घटक). नावातच कॅल्शियम, मग पहिली कुऱ्हाड दुधावर, घरचे-दारचे सगळे सांगणार दूध-दही बंद कर. खरं तर हे अगदी उलटं आहे. पालक खाल्ला, त्यात ऑक्झलेट भरपूर. त्याच जेवणात दही असेल तर दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच त्याला धरतं आणि दोघं संडासावाटे बाहेर. दही नसेल तर ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तातून किडनीत येतं आणि लघवीतल्या कॅल्शियमशी तिथं जोडी जमवतं. जोडी जमणारच हो, कुठं जमवायची तेवढं आपल्या हातात!

इटलीत हे तपासून पाहिलं, २००२ साली निकाल आला. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे, खडे होऊन गेलेले १२० पुरुष, निम्म्यांना कॅल्शियम कमी केलेलं जेवण, निम्म्यांना कॅल्शियम नेहमीएवढं पण मीठ आणि मांस कमी. ५ वर्षांत पहिल्या ६० पैकी २३ जणांना परत खडा, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. मिठाचा संबंध काय? किडनी मिठातलं जास्तीचं सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही लघवीत जातं. म्हणजे दूध सोडून चिप्स खाणाऱ्याने नेमकं नको तेच केलं.

पाणी तर सगळेच सांगतात, पण मोजायची असते लघवी. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. घाम जास्त येत असेल तर तेवढ्यासाठी पाणीही जास्त लागणार, त्यामुळे ग्लास मोजून काही कळत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी २४ तासांची लघवी मापाच्या भांड्यात जमवून बघा, कसंतरी वाटेल पण बहुतेकांना धक्काच बसतो. (हार्ट किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी कमी प्यायला सांगितलेल्यांनी मात्र हे मनाने करू नये.)

आता गोळ्या. पोटॅशियम सायट्रेट बरंच दिलं जातं, सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, मग त्याची ऑक्झलेटशी जोडी जमत नाही. पण किडनी कमजोर असेल तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन वापरू नका. हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवीतलं कॅल्शियम कमी करणारं, एरवी बीपीसाठी वापरतात ते औषध) वर्षानुवर्षं दिलं गेलं, पण स्वित्झर्लंडमध्ये ४१६ लोकांवर झालेली ट्रायल २०२३ ला आली आणि साधारण ३ वर्षांत तपासलेल्या तीनही डोसमध्ये डमी गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही.

युरिक ॲसिडच्या खड्याची तर गोष्टच वेगळी, लघवीतली आम्लता कमी केली की तो चक्क विरघळतो. इन्फेक्शनमुळे होणारा खडा अजून वेगळा, तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. म्हणजे खडा कसला हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, म्हणून खडा पडायची वाट बघत असाल तर लघवी गाळणीतून करा, सापडलेला कण छोट्या डबीत घाला, आणि फ्लश न करता लॅबला पाठवा.